शांत मार्ग क्रमांक पाच

आडखोलची बस माझ्यामुळे बंद झाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं धरून पुढे जाऊ. कारण मी सांगतोय त्या शनिवारी सकाळी सात वाजता बस व्यवस्थित चालू होती. वीस मिनिटांपूर्वी ती माझ्या अंगावर धूळ आणि सुक्या मासळीचा वास उडवून फाट्याकडे गेली होती, आणि मी खारबांधाच्या तोंडाशी एका पालथ्या क्रेटवर बसून शांतता मोजायला सुरुवात करत होतो.

शांतता मोजणं ही तेव्हा माझी नोकरी होती. नाव निनाद गोवेकर, वय तेवीस, पद मार्ग सर्वेक्षक, कंत्राटी, तीन महिने. केवडखाडी किनारी निसर्ग उद्यानाने ठरवलं होतं की शहरातल्या माणसाला पाठीमागून हॉर्न न वाजता सायकल चालवता यावी, म्हणून उद्यानातले पाच रस्ते निवडून त्यांना ‘शांत सायकल मार्ग’ अशा पाट्या लावायच्या. रस्ते शोधायला मला एक चकाकणारं जाकीट, एक पॅड, छापील तक्ते आणि एक हिरवी सायकल मिळाली होती. सायकलवर पांढऱ्या रंगात ‘सायकल क्र. २’ असं लिहिलेलं होतं. क्रमांक एकचं काय झालं असं विचारलं की आमचे पेंढुरकरसाहेब खिडकीबाहेर बघायचे. सायकलला अठरा गिअर होते. त्यातले तीन चालायचे, पण कुठले तीन हे सायकल ठरवायची.

नियम सोपा होता. सकाळी सात ते दुपारी एक रस्त्यावर बसायचं आणि मोटारवाहनं मोजायची. तीसच्या आत आली तर रस्ता शांत. चार रस्ते मी शोधले होते. एक सुरूच्या बनातला, जिथे खाली पडलेल्या काड्यांवर टायरचा आवाजसुद्धा येत नाही. एक दीपगृहाच्या कातळी सड्यावरचा. एक कांदळवनाच्या कडेचा, तिथे सहा तासांत एकच मोटरसायकल गेली, तीही ढकलत नेलेली. चौथा स्मशानाकडे जाणारा होता, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पाचवा सोमवारपर्यंत दिला तर मला पुढचं वर्षभर काम मिळणार होतं.

पाचवा म्हणजे आडखोल. फाट्यापासून अकरा किलोमीटर, शेवटचे चारशे मीटर खारबांधावरून, दोन्ही बाजूंना भरतीचं पाणी भरणारं खाजण, पुढे एक्केचाळीस घरं, जेटी, आणि मग समुद्र. बांधावर एका वेळी एकच वाहन मावतं. मधोमध एक फुगवटा ठेवलाय, तिथे एकाने अंग चोरायचं आणि दुसऱ्याने जायचं. गावात बस सोडली तर वाहनं पाच. एक रिक्षा, एक बर्फाचा टेम्पो, एक जीप, दोन मोटरसायकली. सहा तासांत तीसचा आकडा गाठायला अख्ख्या गावाला एकाच वेळी वेड लागायला हवं होतं. मी निर्धास्त होतो.

अडचण एकच होती आणि ती मला आदल्या दुपारी कळली. रस्ता शांत ठरला की फाट्याच्या पुढे अवजड वाहनांना बंदी. बस हे अवजड वाहन. तिच्याऐवजी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या ‘यथावकाश’ येणार होत्या. आडखोलमध्ये फार शिकलेली माणसं नव्हती, पण हा एक शब्द सगळ्यांना नीट वाचता येत होता.

माझी सोय लवू तांडेलांकडे होती. गावातली रिक्षा त्यांची. त्यांची मुलगी वैजयंती, म्हणजे वैजू, अकरावी सायन्सला. वाडीतून तालुक्याच्या कॉलेजात जाणारी ती पहिलीच. सहा चाळीसच्या बसने जायची, दुपारी बारा वीसच्या बसने परत यायची. लवूकाकांनी आंबोळी माझ्या पानात टाकत टाकत सगळं समजावून सांगितलं. सव्वीस किलोमीटरवर कॉलेज, सकाळी रिक्षा जेटीवर मासळीला लागते, आणि एकट्या मुलीला तालुक्याला खोली घेऊन ठेवायचं त्यांच्या मनात नव्हतं. बोलण्यात राग नव्हता. भरतीची वेळ सांगावी तसं म्हणाले, “गाडी असा तवसर शिकांदे. गाडी बंद, कॉलेज बंद.”

वैजू तेव्हा ओट्यावर बसून पट्टीने वहीत रेघा मारत होती. मला वाटलं, फिजिक्स.

तर शनिवारी सात वाजता मी क्रेटवर बसलो. मला एका जागी बसता येत नाही. डावा पाय आपोआप हलतो, आणि तो थांबवला की उजवा सुरू होतो. शाळेत यासाठी मला वेगळा बाक होता. अशा माणसाला सहा तास एका बांधाकडे बघत बसवणं हा उद्यानाचा निर्णय होता, माझा नाही.

सात पाचला लवूकाकांची रिक्षा गावातून आली. त्यांनी मान हलवली, मी एक रेघ मारली. सात अकराला इस्माईल मुकादमचा बर्फाचा टेम्पो. सात चौदाला शाळेचे गुरुजी मोटरसायकलवर. सात अठराला लवूकाकांची रिक्षा फाट्याकडून परत, आता मागे केळीचे दोन खांब आणि झेंडूच्या माळा. सात एकवीसला दुसरी मोटरसायकल, देवळाचे गुरव. सात चोवीसला सरपंचांची जीप. सात सव्वीसला टेम्पो परत आला, यावेळी निळ्या ताडपत्रीऐवजी पिवळी.

आठ वाजेपर्यंत सतरा रेघा झाल्या. माझे दोन्ही पाय हलायला लागले.

त्याच सुमाराला वैजू आली आणि समोरच्या मोरीच्या कठड्यावर वही उघडून बसली. मी विचारलं, कॉलेज नाही का आज.

“प्रॅक्टिकल असा.”

“कुठे?”

“हयच.”

मग ती वहीत बघायला लागली आणि मी बांधाकडे. गुरुजी हेल्मेट घालून गेले आणि चार मिनिटांनी हेल्मेट काढून आले. मागून गुरव, गुरुजींच्या मोटरसायकलवर. थोड्या वेळाने गुरुजी, गुरवांच्या. रिक्षातून मुंडावळ्या बांधलेला एक नवरदेव गेला. लवूकाकांचे धाकटे भाऊ होते. वीस मिनिटांनी तेच घोंगडीत गुंडाळलेले, कण्हत, उलट दिशेने आले. मी वैजूला म्हटलं, लग्न बहुतेक सोसलं नाही.

ती वर न बघता म्हणाली, “पोरगी बरी नव्हती.”

आठ पन्नासला रिक्षातून एक बोकड गेला. बाहेर तोंड काढून त्याने माझ्याकडे असं बघितलं की या सगळ्यात त्यालाही गैर काही वाटत नसावं. ती तिसावी रेघ होती. रस्ता आता शांत राहिला नव्हता आणि माझी पुढच्या वर्षाची नोकरी एका बोकडाच्या शेजारी बसून फाट्याकडे निघाली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तक्त्यात शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एकाच वाहनाची पुनरावृत्ती आढळल्यास शेऱ्यात नमूद करावं. ‘पुनरावृत्ती’ एवढा एक शब्द लिहिला असता तर पाच वाहनं, दोन-दोन फेऱ्या, रस्ता शांत, मी नोकरीत. मी पेनाचं टोपण काढलं. लावलं. परत काढलं.

वैजू कठड्यावरून उतरून जवळ आली होती.

“शेऱ्यात काय लिवतास?”

“अजून काही नाही.”

“खरा लिवा.”

“खरं काय आहे?”

तिने यावर जरा विचार केला. मग वही माझ्यासमोर धरली. मला वाटतं तिला वाईट वाटलं असावं, किंवा एवढं नेटकं काम कुणालाच दाखवता येत नसल्याचं दुःख असावं. पानभर तक्ता होता. पाच रकाने, पाच वाहनं, मिनिटाला मिनिट. कोण कुठे वळणार, कोण फुगवट्यात थांबणार, कोण कधी ताडपत्री बदलणार. समासात वेग आणि अंतराची गणितं होती. ती तपासून बघावी अशी इच्छा झाली, पण बरोबर असणार हे अक्षरावरूनच दिसत होतं. होड्यांच्या इंजिनांसाठी साठवलेलं पेट्रोल कुणी किती द्यायचं तेही खाली होतं. आणि सगळ्यात शेवटी एक सहावा रकाना होता. त्यावर ‘सर’ असं लिहिलं होतं.

सर: ८.३० चहा. १०.१५ चहा. संशय आल्यास घावणे.

“मला संशय आला असं कधी ठरणार?”

“पेनाचा टोपण काढलात की.”

दहा पंधराला घावणे आले. बरोबर नारळाचा रस. मी सहा खाल्ले आणि शेऱ्यात लिहिलं: ‘रहदारी विविध स्वरूपाची आहे.’

त्यानंतर वेळ बरा गेला. मी मन लावून मोजायला लागलो. कुणी उशिरा आलं तर वैजूच्या आधी मीच घड्याळ बघायचो. एकदा टेम्पो चार मिनिटं मागे पडला तर मी उठून बांधावर फेऱ्या मारायला लागलो. इस्माईल बर्फ द्यायला खरोखरच कुणाच्या तरी दारात थांबला होता, याचा आम्हा दोघांनाही राग आला. अकराच्या सुमारास वैजूने मला सांगितलं की तिला गणितात पुढे जायचंय. कशासाठी विचारलं तर म्हणाली, दोन वस्तू एकाच वेळी एकाच जागी येऊ नयेत यासाठी. मी म्हटलं, हे तर आपण आत्ता करतोच आहोत. ती पहिल्यांदा हसली.

बाराला माझ्या सत्त्याण्णव रेघा झाल्या. तेव्हा सरपंच जीपमधून खाली उतरले आणि वैजूला बाजूला घेऊन म्हणाले की आकडा तीनअंकी दिसायला हवा, म्हणजे वर कुणी बोट ठेवणार नाही. शेवटचा तास जोरात काढा. वैजूला ते पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, बांधावर एका वेळी दोनच वाहनं बसतात, तिसरं आलं की सगळं अडतं. पण सरपंच म्हणजे सरपंच. त्यांनी हात फिरवला आणि पाचही वाहनं एकदम सुटली.

बारा अठराला जीप आणि तिच्या मागे रिक्षा गावातून बांधावर चढल्या. समोरून टेम्पो आणि दोन्ही मोटरसायकली. फुगवट्यापाशी सगळे एकमेकांना थोडं मागे घ्या म्हणत होते. लवूकाकांनी समजुतीने रिक्षा कडेला घेतली आणि मागचं चाक खाजणात उतरलं. तेवढ्यात मोटरसायकलींच्या मागे फाट्याकडून भोंगा वाजला. लाल बस अर्ध्या बांधावर येऊन उभी होती.

मी वैजूकडे बघितलं. ती वहीकडे बघत होती. पानावर बारा वीसला टेम्पो होता, रिक्षा होती, गुरुजी होते. बस नव्हती.

पुढचा एक तास पन्नास मिनिटं त्या बांधावर काय झालं ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. रिक्षाला दोर बांधला. दोर तुटला. बर्फ वितळून टेम्पोखाली ओघळ आला. बोकड उतरून चालत घरी गेला, आणि त्याचं बघून बसमधली माणसं डोक्यावर पिशव्या घेऊन गेली. ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, सडपातळ, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला माणूस. बाकी कुणाशी न बोलता तो थेट माझ्याकडे आला, कारण चकाकणारं जाकीट माझ्या अंगात होतं.

“साहेब, ही रोजचीच रहदारी?”

मला कुणी साहेब म्हणायची ती पहिली वेळ होती. लवूकाका चिखलात गुडघाभर उभे राहून माझ्याकडे बघत होते, सरपंच बघत होते, गुरुजी बघत होते. मी सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत होतो. कुणीतरी सरकारी माणसाने विचारावं आणि मी ठामपणे उत्तर द्यावं.

“रोजची,” मी म्हटलं. “आज जरा कमीच.”

“किती?”

“एकशे बारा.”

मागून वैजू “सर” असं म्हणाली. हळू, एकदाच. मला ते आभार वाटले.

ड्रायव्हरने खिशातून कागद काढून आकडा लिहून घेतला, माझं नाव विचारलं, हुद्दा विचारला, तेही लिहिलं. मग कंडक्टरच्या शिट्टीवर त्याने बस दोनशे मीटर उलटी नेली. इतकी सरळ, की लवूकाका चिखलातूनच म्हणाले, हात चांगलो असा माणसाचो.

त्या दुपारी सरपंचांकडे मला जेवण होतं. सुरमई, सोलकढी, आग्रह. सगळे खूष होते. वैजू जेवायला आली नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

सोमवारी पेंढुरकरसाहेबांनी तक्ता बघितला. आडखोलमध्ये एकशे बारा माणसं तरी आहेत का असं विचारलं. मी शेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी शेरा दोनदा वाचला आणि पाचव्या मार्गावर काट मारली. महिनाअखेरीला सामान जमा करा म्हणाले.

त्यानंतर बाराव्या दिवशी कार्यालयात एस.टी. आगाराच्या आदेशाची एक प्रत आली. वाढती रहदारी आणि अरुंद बांध लक्षात घेता आडखोलची फेरी प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी फाट्यापर्यंतच राहील. सोबत पुरावा म्हणून आमच्याकडूनच मागवून घेतलेला माझा तक्ता जोडला होता. सही माझीच होती, जरा ऐटीत केलेली. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“गोवेकर, अकरा वर्षं मी इथे आकडे गोळा करतोय. त्यांचा कुणी उपयोग केलेला पहिल्यांदाच बघतोय.”

महिनाअखेरीला मी जाकीट जमा केलं, पॅड जमा केलं, आणि सायकल जमा करायची म्हणून बाहेर काढली ती थेट फाट्याला नेली. तिथून आडखोलचा रस्ता धरला. ऊन उतरत होतं. पहिल्या किलोमीटरला माझी चेन वाजतेय हे मला कळलं, तोवर ती वाजते हे ठाऊक नव्हतं. चिखलात निवटे मासे टप टप उड्या मारत होते. ब्राह्मणी घार माझ्याबरोबर बराच वेळ आली आणि कंटाळून गेली. काजूच्या बागा संपल्या, केवडा सुरू झाला, बांध आला. फाट्यापासून बांधापर्यंत मला एकही वाहन भेटलं नाही. सवयीने मी मोजत होतो. तीन महिन्यांत एवढा शांत रस्ता मी बघितला नव्हता.

लवूकाका अंगणात रिक्षाखाली होते. त्या दिवशी चिखलात एक्सल गेला होता. मला बघून बाहेर आले, बस म्हणाले, पाणी दिलं. बसचा मी विषय काढला तेव्हा हात पुसत एवढंच म्हणाले की सकाळी फाट्यावर सोडायला रिक्षा नाही, आणि अकरा किलोमीटर चालत पोर किती दिवस जाईल. पंधरा दिवस ती घरीच होती.

वैजू मागच्या पडवीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होती. मी जाऊन उभा राहिलो. माफी मागायची होती, पण तिची सुरुवात कुठून करतात ते आठवेना. तीच आधी बोलली.

“सर, तुमी एकशे बारा सांगितलात. मी एकशे आठ मोजलंय.”

“हो.”

“वरचे चार खयसून इले?”

“माझ्याकडून.”

तिने एक सुंगट उचललं, डोकं मोडलं, टोपलीत टाकलं.

“एकशे आठान पण झाला असता.”

“माहीत आहे.”

“नको होते.”

मी म्हटलं, नको होते. तिने आणखी दोन सुंगटं मोडली. मग मला जे विचारायचंच होतं ते मी विचारलं. “सगळं होतं तुझ्या वहीत. मी कधी टोपण काढणार तेसुद्धा. मग बारा वीसची गाडी कशी राहिली?”

तिचे हात थांबले होते.

“मी रोज तिच्यातच असतंय,” ती म्हणाली. “ती गावात येताना कशी दिसता, माका काय म्हायत.”

मी तिथून निघालो आणि अंगणात आलो. सायकल क्रमांक दोन विहिरीच्या कठड्याला टेकवलेली होती. मी लवूकाकांना म्हटलं, ही इथेच असू दे. त्यांनी विचारलं, सरकारी ना? मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत. त्यांना ते कळलं नाही. ते सायकलीभोवती एक फेरी मारून आले. सीट दाबून बघितली. पुढचं चाक उचलून फिरवलं. वैजू टोपली कमरेवर घेऊन दारात येऊन उभी होती, आणि मला आठवतं, बापाकडे न बघता ती चाकाकडे बघत होती. लवूकाकांनी ब्रेक दाबला. परत दाबला.

“ब्रेक लागनत नाय,” ते म्हणाले, आणि रिक्षाखालून पाना ओढून सायकलीपाशी उकिडवे बसले.

मी चालत फाट्यावर गेलो. अडीच तास लागले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात लिहून दिलं की सायकल क्रमांक दोन खारबांधावरून जाताना भरतीच्या पाण्यात वाहून गेली. पेंढुरकरसाहेबांनी ते वाचलं, कपाटातून क्रमांक एकची फाईल काढली आणि माझा कागद तिच्यातच लावला.

वैजू पावणेदोन वर्षं त्या सायकलवर फाट्यापर्यंत गेली आणि तिथून बसने पुढे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेला बांधावर पाणी चढायचं, तेव्हा सायकल खांद्यावर घ्यायची. केमिस्ट्रीचे काही धडे तिचे कायमचे राहिले, कारण ते पौर्णिमेला शिकवले. बारावी झाली, पुढचंही झालं. आता ती एका मोठ्या बंदरात असते. येणारी जहाजं आणि जाणारी जहाजं एकमेकांसमोर येऊ नयेत हे बघायचं तिचं काम. दिवाळीला तिचा मेसेज येतो. त्यात शुभेच्छा नसतात, एक आकडा असतो. त्या वर्षी किती जहाजं बघितली तो. मी त्यात चार मिळवून परत पाठवतो.

सायकल आडखोलमध्येच आहे. वैजूनंतर गुरवांच्या नातीकडे होती, आता तिसऱ्या मुलीकडे गेलीय. लवूकाकांनी तिला हिरवाच रंग दिलाय, फक्त आकडा परत काढलेला नाही. गेल्या महिन्यात मी सुट्टी घेऊन तिथे गेलो आणि जुन्या सवयीने बांधाच्या तोंडाशी बसलो. सात ते एक. दोन मोटरसायकली, एक टेम्पो, आणि मी बसायच्या आधी, सहानंतर गेलेली ती हिरवी सायकल परत येताना एकदा. माझे पाय अजूनही हलतात. उद्यानाच्या नकाशात अजूनही मार्ग चारच आहेत.

दर वर्षी मी एक अर्ज करतो. हा नववा.

प्रति, मा. संचालक, केवडखाडी किनारी निसर्ग उद्यान. विषय: एकशे बारा वाहने परत घेणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, नऊ वर्षांपूर्वी आडखोल खारबांधावर माझ्या सहीने नोंदवलेली एकशे बारा वाहने प्रत्यक्षात पाच होती, व त्यांपैकी चार फेऱ्या तर कुणीच केलेल्या नव्हत्या. करिता सदर सर्व वाहने माझ्या नावे लावून बांध मोकळा समजण्यात यावा, सायकल क्र. २ ही बुडालेलीच समजण्यात यावी व तिचा शोध घेण्यात येऊ नये. आणि वैजयंती लवू तांडेल हिने दुपारी बारा वीसची बस गावात शिरताना आजवर एकदाही पाहिलेली नसल्याने, ती सुट्टीवर घरी असेल अशा कोणत्याही एका दिवशी, तिला आत न बसवता, सदर बस आडखोलपर्यंत सोडण्यात यावी, ही नम्र विनंती.